जुन्या मोटारीचीं मूळ चाकें

मोटारीच्या चाकांविषयीं एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें लिहावें, हें पुष्कळ वाचकांस विचित्र वाटेल. आमचें आयुष्य मुलांकडून शब्दांचीं रूपें म्हणवून घेण्यांत गेलें. मोटार हांकण्याचा परवाना आम्हीं कधीं काढला नाहीं, आणि आतां तो काढण्याचें वयहि राहिलें नाहीं. तथापि २०२३ च्या दिवाळीपासून पुढच्या वैशाखापर्यंत सहा महिने आमच्या आकुर्डीच्या घरीं चाकांखेरीज दुसरा विषय नव्हता. त्या सहा महिन्यांत आम्ही जें शिकलों, आणि एक चूक करण्याच्या अगदीं बेतांत असतां तींतून कसे वांचलों, तें येथें सांगण्याचा विचार आहे. ज्यांच्या घरीं वडिलांची किंवा आजोबांची जुनी मोटार छपराखालीं उभी आहे, त्यांस यांतील माहिती उपयोगीं पडेल. ज्यांच्या घरीं नाहीं, त्यांसहि ती अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आशा आहे.

गाडी कोठून आली

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांतील सर्वजण दादा म्हणत, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यांत तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक भाग मोजून, ठोकून, उजेडांत धरून पाहावयाचा, आणि सदोष आढळल्यास त्यावर तांबड्या रंगाची फुली मारून तो बाजूस काढावयाचा, हें त्यांचें काम. एकदां फुली पडली कीं तो भाग कितीहि किंमतीचा असो, पुन्हा वापरावयाचा नाहीं, असा तेथील दंडक होता. दादांनीं हा दंडक घरांतहि चालविला. कान तुटलेला कप किंवा पाय डुगडुगणारें स्टूल आमच्या घरांत फार दिवस टिकलें नाहीं.

ते दिवस आजच्या तरुण वाचकांच्या डोळ्यांपुढें उभे करणें कठीण आहे. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा विठ्ठलमंदिरांतील मुक्काम, एवढीच पूर्वीं आकुर्डीची ओळख होती. पुढें १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि या परिसरांतल्या माळावर कारखान्यांच्या चिमण्या दिसूं लागल्या. बजाजची स्कूटर व टेम्पोची गाडी यांनीं आकुर्डीचें नांव देशभर नेलें. आकुर्डीस होणारें स्कूटर-मोटारसायकलींचें उत्पादन २००७ सालीं थांबलें. २०२२ सालीं तेथेंच विजेवर चालणाऱ्या नव्या चेतकचा कारखाना सुरू झाला. चाक फिरतें तें असें.

दादांनीं १९८१ सालीं प्रीमियर पद्मिनी घेतली. त्या काळीं पदरीं पैसे असले म्हणून मोटार मिळत नसे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ही गाडी मात्र आकुर्डीची नव्हे, कुर्ल्याची. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. मागाहून इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध आला. इटलींत १९५३ सालीं निघालेल्या ११०० या गाडीची सुधारलेली आवृत्ति १९६४ पासून येथें होऊं लागली, आणि त्यानंतरच्या दशकांत तिलाच चितोडच्या राणीचें नांव मिळालें. १०८९ घनसेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें यंत्र; गिअरची मूठ सुकाणूच्या दांड्याला; आणि जराशी उंच, ताठ बसण्याची बैठक. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन बंद पडलें. मुंबईंत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती आणखी कांहीं वर्षें धांवली. २० वर्षांची मुदत संपून शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं रस्त्यावरून निघाली. या तारखेचा आमच्या हकीकतीशीं संबंध आहे, म्हणून ती मुद्दाम दिली.

दादा निवर्तल्यावर गाडी छपराखालीं उभी राहिली. ती विकावी असें सर्वांच्या मनांत येई, पण बोलत कोणी नसे. त्या दिवाळींत वहिनी आपणहून म्हणाल्या, "भाऊजी, एकदां ह्याच गाडींतून देहूला जाऊन येऊं. मग विकायची तर विका." पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें यंत्र, ब्रेक व विजेच्या तारा यांचें काम अंगावर घेतलें, आणि चाकांचा विषय, कोणास ठाऊक कसा, आमच्या गळ्यांत पडला.

चाकाचें व्याकरण

संस्कृतांत चाकाच्या अवयवांस फार सुंदर नांवें आहेत. मधला गड्डा ती नाभि, तिच्यांतून निघणारे ते अर, बाहेरची कड ती नेमि, आणि नाभींतून जाणारा दांडा तो अक्ष. आमच्या लहानपणीं खेड्यांतले सुतार-लोहार यांनाच तुंबा, आरे, धांव व आंस म्हणत. लोखंडी धांव विस्तवांत लाल करून चाकावर चढवावयाची आणि वर पाणी ओतून ती आवळून बसवावयाची, हा सोहळा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस चाक ही किती जपून करण्याची वस्तु आहे हें सांगावयास नको.

आणखी एक शब्द सांगतों. नाभीच्या मधल्या भोंकास वेदकालीन भाषेंत ख म्हणत. ज्या रथाचें हें भोंक नीट बसलेलें, तो सु-ख; आणि ऋग्वेदांत सुख हें रथाचें विशेषण म्हणूनच येतें. भोंक बिघडलें तर दुःख, अशी उपपत्ति कांहीं पंडित देतात. वर्गांत आम्हीं ही व्युत्पत्ति पुष्कळ वेळां गंमत म्हणून सांगितली. तिचा प्रत्यय मात्र निवृत्तीनंतर यावयाचा होता.

मोटारीचें चाक आतां लांकडी राहिलें नाहीं. इंग्लंडांत १९०८ च्या सुमारास सँकी यांनीं पोलादी पत्रा दाबून चाकें काढलीं, आणि पुढें सर्वसाधारण मोटारींस तीच पद्धति रूढ झाली. आरे गेले, त्यांच्या जागीं दाबलेल्या पत्र्याची तबकडी आली. ही तबकडी रिमेस जोडलेली असते, आणि तिच्या मध्याभोंवतीं बोल्टांचीं भोंकें असतात. पद्मिनीस अशीं चार भोंकें आहेत. गाडीचें सारें ओझें शेवटीं या चार भोंकांच्या कडांवर येतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

कोणतीं चाकें घ्यावीं?

आमच्या गाडीस असलेलीं चाकें मूळचीं नव्हतींच. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४ या मापाचा. तो मिळेना, म्हणून वीसेक वर्षांपूर्वीं एका कारागिरानें १३ इंची चाकें बसवून दिलीं होतीं. आतां पुतण्याचें म्हणणें असें कीं, हीं काढून नव्या चालीचीं ॲलॉय चाकें घ्यावीं. तीं हलकीं असतात, दिसतात चांगलीं, आणि बाजारांत मिळतात. त्याचें म्हणणें अगदीं खोटें नव्हतें. चाक हलकें असल्यास स्प्रिंगांस व सुकाणूस आराम असतो. परंतु खड्ड्यांत आपटलें असतां पोलादी चाक बहुधा वांकतें, आणि ॲलॉयचें चाक एखादे वेळीं तडकतें, हाहि अनुभव आहे. शिवाय वहिनींस दादांचीच गाडी पाहिजे होती, गाडीचें सोंग नको होतें.

आम्हीं पाटी-खडू घेतला. ५.२० म्हणजे टायरची रुंदी इंचांत, आणि १४ म्हणजे रिमेचा व्यास इंचांत. ५.२० इंचांचे १३२ मिलिमीटर होतात. या जुन्या जातीच्या टायरची उंची रुंदीच्या सुमारें ९५ टक्के, म्हणजे १२५ मिलिमीटर. वरची व खालची मिळून २५०, आणि १४ इंचांचे ३५६. एकूण व्यास ६०६. आतां गाडीस असलेला टायर १५५/८० आर १३ या मापाचा. १५५ ही रुंदी मिलिमीटरांत, उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १२४. दोन्ही बाजूंचे २४८ आणि १३ इंचांचे ३३०. एकूण व्यास ५७८. फरक २८ मिलिमीटरांचा. म्हणजे गाडी १४ मिलिमीटर खालीं बसली, आणि घड्याळावर १०० किलोमीटर दिसले कीं खरे सुमारें ९५ च झाले. वीस वर्षें गाडी आपल्या मालकाशीं शेंकडा पांच खोटें बोलत होती! काटेकोर दादांस हें कळलें असतें तर त्यांनीं अन्न गोड मानलें नसतें.

व्यास ही मात्र चार मापांपैकीं एक. दुसरें माप बोल्टांच्या भोंकांतून जाणाऱ्या वर्तुळाचें. तिसरें मधल्या भोंकाचें. तें नाभीवर नेमकें बसावें, सैल राहूं नये. चौथें माप सर्वांत फसवें. तबकडीची जी बाजू नाभीला टेकते, ती रिमेच्या बरोबर मध्यावर आहे, आंत आहे, कीं बाहेर आहे, हें तें माप. यांत एका इंचाचा फरक पडला तरी चाक तितकेंच बाहेर येतें, आणि वजनाचा रेटा बेअरिंगावर वांकडा पडतो. बोल्ट बसले म्हणजे चाक बसलें असें नव्हे. व्याकरणांत शब्द शुद्ध असूनहि अन्वय चुकूं शकतो, तशांतलीच ही गोष्ट.

येथें कायद्याविषयीं दोन शब्द. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्यानें १५ वर्षांची असते, आणि नंतर तपासणी करून दर पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें निराळी नोंदणी काढली. पण तिचा लाभ घेतलेली गाडी रोजच्या वापरास चालत नाहीं. प्रदर्शनें, शर्यतीचे मेळावे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर काढावी लागते. १९८१ ची आमची गाडी त्या व्याख्येंत २०३१ पूर्वीं बसत नाहीं. तेव्हां तो विचार सोडून दिला, आणि साधें नूतनीकरण करून घेतलें.

शोध

गाडीचीं मूळ चाकें पांच. चार चालतीं आणि एक स्टेपनी. हा शब्द आपण रोज वापरतों, पण तो वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावरून आलेला आहे. १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनीं तेथें जादा चाक करून विकण्याचा धंदा काढला, आणि त्या रस्त्याचें नांव आकुर्डीच्या पंक्चरवाल्याच्या तोंडीं अजून आहे.

दादांनीं पांचहि चाकांवर आंतल्या बाजूस पांढऱ्या रंगानें आंकडे घातले होते. अमुक हजार किलोमीटर झाले कीं कोणतें चाक कोठें न्यावयाचें, याची त्यांची वही होती. १ व २ क्रमांकांचीं चाकें माळ्यावर पोत्यांत सांपडलीं. ३ क्रमांकाचें परसांत पाण्याच्या पिंपाखालीं बैठक म्हणून बसलें होतें. ५ क्रमांकाचें, म्हणजे स्टेपनी, गाडीच्या मागच्या पेटींत जसेंच्या तसें होतें. ४ क्रमांकाचा पत्ता लागेना.

आम्ही बुधवारीं व रविवारीं पुण्याच्या जुन्या बाजारांत हेलपाटे घातले. तेथें काय मिळत नाहीं? एके दिवशीं हुबेहूब चाक मिळालें, व आम्ही विजयी मुद्रेनें तें रिक्षांतून घरीं घेऊन आलों. चार बोल्ट बसले. पण तबकडी तीन अंगुळें बाहेर! तें निराळ्याच गाडीचें होतें. वर सांगितलेलें चौथें माप आम्ही असे शिकलों.

शेवटीं पुतण्याच्या एका ओळखीच्या मनुष्यानें मुंबईहून निरोप पाठविला. टॅक्स्या नुकत्याच मोडीत निघालेल्या. त्यांचीं चाकें भंगाराच्या भावानें चाललीं होतीं. पुतण्यानें तेथून चार चाकें आणिलीं. त्यांवर काळ्या रंगाचे इतके थर होते कीं खालचें पोलाद कसें आहे, हें ब्रह्मदेवालाच ठाऊक.

खडूची परीक्षा

चाकांची परीक्षा कशी करावी, हें आम्हांस आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें शिकविलें. संस्कृतांत तो कधीं पास झाला नाहीं. पण भोसरीस त्याचा स्वतःचा लेथ आहे, आणि धातूची भाषा त्याला आमच्या संस्कृताहून चांगली येते. "सर, आधीं रंग उतरवा. रंगाखालचं चाक कुणाचंच नसतं," असें तो म्हणाला.

त्याची रीत येणेंप्रमाणें. टायर व ट्यूब काढून रंग उतरविण्याच्या औषधानें चाक उघडें करावें. वाळूचा मारा आधीं करूं नये, कारण त्यानें बारीक भेगांचीं तोंडें लिंपलीं जातात. मग चाक टांगून लांकडी हातोडीनें हलकेच वाजवावें. निर्दोष चाक स्वच्छ वाजतें, आणि भेग असली तर बहुधा बद्द आवाज येतो. नंतर बोल्टांचीं भोंकें पाहावीं. त्यांची उतरती कड गोल असावी. सैल बोल्टांवर चाललेल्या चाकाचें भोंक लांबट होतें, आणि तें चाक बाद समजावें. पुढें पुढच्या चाकाच्या जागीं तें बसवून, गाडी जॅकवर उचलून, चाक हातानें फिरवावें. शेजारीं विटेवर एक खिळा बांधून त्याचें टोंक रिमेच्या अगदीं जवळ ठेवावें. खिळा व रिम यांतील फट दीड-दोन मिलिमीटरांहून अधिक कमीजास्त झाली, तर रिम वांकलेली आहे.

शेवटची परीक्षा भेगेची. हिच्यासाठीं आतां बाजारांत तांबडें व पांढरें द्रव्य तयार मिळतें; पण त्या विद्यार्थ्यानें आम्हांस जुनी रीत दाखविली, जी पूर्वीं रेल्वेच्या कारखान्यांत चाले. चाक कांहीं तास रॉकेलांत भिजवावयाचें, अगदीं कोरडें पुसावयाचें, आणि त्यावर खडूची भुकटी स्पिरिटांत कालवून तिचा पातळ हात द्यावयाचा. भेग असली तर तिच्यांत शिरलेलें रॉकेल हळूहळू वर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. आम्हीं चाळीस वर्षें हातांत खडू धरला. पण खडू आपणहून लिहितो, हें त्या दिवशीं प्रथम पाहिलें.

२, ३ व ५ क्रमांकांचीं चाकें निर्दोष निघालीं. मुंबईच्या चारांपैकीं एकाचीं भोंकें लांबट होतीं, एकाची कड गंजानें खाल्ली होती; दोन चांगलीं निघालीं. सर्वांत शेवटीं आम्हीं १ क्रमांकाचें चाक घेतलें. तें दिसावयास सर्वांत सुरेख होतें, म्हणून तें मागें ठेविलें होतें. पाऊण तासानें एका भोंकाच्या कडेपासून शेजारच्या भोंकाच्या दिशेस केसाएवढी रेघ उमटली. लांबी दोन अंगुळेंहि नसेल.

मोह

आमचें मन त्या रेघेनें फार खट्टू झालें. पहिल्याच क्रमांकाचें चाक, त्यावर दादांच्या हातचा आंकडा. शेजारच्या रस्त्यावरील एका वेल्डरास तें दाखविलें. तो म्हणाला, "दहा मिनिटांचं काम, गुरुजी. भेग भरून, घासून, वर रंग मारला की कुणाला दिसणार सुद्धा नाही." आम्ही चाक तेथें ठेवून घरीं आलों, आणि कोणास कांहीं बोललों नाहीं. हीच ती चूक, जिचा उल्लेख आरंभीं केला.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. उठून पुन्हा पाटी घेतली. चाकाचा परीघ १९०४ मिलिमीटर. म्हणजे एका किलोमीटरास सुमारें ५२५ फेरे. दादांच्या वहीप्रमाणें त्या चाकानें एक लाख किलोमीटरांहून अधिक मजल मारली होती. म्हणजे सव्वापांच कोटींहून अधिक फेरे. प्रत्येक फेऱ्यांत तबकडी केसाच्या शतांश भागाइतकी वांकते आणि सरळ होते. एका वांकण्यानें कांहीं होत नाहीं. कोटींच्या हिशेबानें वांकली म्हणजे धातु थकतो, आणि एके दिवशीं विशेष ओझें नसतांहि तुटतो. फ्रान्समध्यें ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस असाच मोडला, आणि पन्नासाहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर जर्मन अभियंता व्योलर यानें रेल्वेच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून धातूच्या या थकव्याचे नियम बांधले. वेल्डिंगनें भेगेचें तोंड भरतें. पण भोंवतालच्या पत्र्याचा थकवा जात नाहीं, उलट उष्णतेनें जोडाच्या कडेस तो अधिक नाजूक होतो. आणि ही जागा कोणती? जिच्यावर सारें ओझें, ती. वर्गांत गंमत म्हणून सांगितलेलें सुख आणि दुःख आमच्यापुढें उभें राहिलें.

त्या चाकावरून कोण जाणार होतें? वहिनी, पुतण्या, त्याची पत्नी आणि दोन लहान मुली. आणि आम्ही एका आंकड्याच्या लोभानें भेगेवर रंग चढवीत होतों.

सकाळीं उठून पहिल्यानें वेल्डरकडे गेलों. सुदैवानें त्यानें चाकास हात लावला नव्हता. तें घरीं आणून वहिनींपुढें ठेविलें, खडूची रेघ दाखविली, आणि काल काय करणार होतों तेंहि सांगितलें. त्या बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनीं हें चाक एक दिवस चालूं दिलें नसतें." एवढें बोलून त्या आंत गेल्या, आणि दादांच्या हत्यारांच्या पेटींतून तांबड्या रंगाची वाळत आलेली डबी व कुंचला घेऊन आल्या. फुली त्यांनीं स्वतः मारली.

डागडुजी

उरलेल्या पांच चाकांवर पुढील संस्कार झाले. ३ क्रमांकाचें चाक पिंपाखालीं राहून किंचित् वांकलें होतें. तें यंत्रावर थंड स्थितींतच सरळ करून घेतलें. मग वाळूच्या माऱ्यानें गंज काढिला, आणि त्याच दिवशीं गंजविरोधी अस्तर दिलें. उघडें पोलाद एक रात्र ठेविलें तरी पुनः तांबूस होतें. वरचा रंग देण्यास आमच्या भागांत पावडर कोटिंगचे कारखाने गल्लोगल्लीं आहेत. भुकटी फवारून चाक भट्टींत सुमारें १८० ते २०० अंशांवर भाजतात. रंग टणक होतो. परंतु एक सूचना अवश्य द्यावी. तबकडीची नाभीला टेकणारी बाजू आणि भोंकांच्या उतरत्या कडा झांकून ठेवावयास सांगावें. तेथें जाड थर बसला तर तो पुढें दबतो, आणि घट्ट आवळलेले बोल्ट सैल पडतात. आंकडे मात्र आम्हीं पुसूं दिले नाहींत. रंग झाल्यावर त्याच जागीं पुन्हा घातले. मुंबईच्या दोन चाकांस १ व ४ हे रिकामे झालेले क्रमांक मिळाले.

टायर १४ इंची रेडियल घेतले, मूळ परिघाच्या जवळांत जवळ जाणारे, आणि रिमेची रुंदी मोजून तीस चालतील असे. सर्व एकाच जातीचे घ्यावे; जुने तिरप्या विणीचे व नवे रेडियल यांची मिसळ करूं नये, कारण वळणावर दोघांचा स्वभाव निराळा. आंत ट्यूब घातली. जुन्या रिमेस ट्यूबविरहित टायर धरून ठेवणारा उंचवटा बहुधा नसतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानें आवळले, आणि ५० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासले. पितळी पॉलिशनें घासलेल्या जुन्या चकचकीत टोप्या वर बसविल्या, तेव्हां पुतण्या स्वतः म्हणाला, "काका, हेंच बरं दिसतं." एकंदर खर्च ॲलॉय चाकांच्या निम्म्याहून कमी आला, वेळ मात्र दसपट गेला. निवृत्त मनुष्यापाशीं तो असतो.

देहू

वैशाखांतल्या एका सकाळीं आम्ही देहूस गेलों. पुतण्या हांकीत होता, वहिनी दादांच्या शेजारच्या, म्हणजे त्यांच्या नेहमींच्या जागीं. मागें सूनबाई, मुली व आम्ही. गाडी पूर्वींसारखी उंच बसली होती. निगडीच्या पुढें मुलींनीं विचारलें, "आजोबा, ही मुंबईची टॅक्सी आहे का?" कोणी तरी त्यांस चाकांची हकीकत सांगितलेली दिसली. आम्ही म्हणालों, "दोन चाकें टॅक्सीचीं, तीन आजोबांचीं." त्यांतलें आजोबांचें एक मागच्या पेटींत निजलेलें आहे, हें सांगावयाचें राहिलें. त्या दोन चाकांनीं मुंबईंत कोणाकोणास कोठें पोंचविलें असेल, याचा हिशेब पाटीवर मांडतां येत नाहीं. इंद्रायणीच्या घाटावर वहिनी थोडा वेळ बसल्या. परत येतांना गाडी विकण्याचा विषय त्यांनीं काढला नाहीं, आणि आम्हींहि काढला नाहीं.

तांबड्या फुलीचें चाक पुन्हा पाण्याच्या पिंपाखालीं गेलें आहे. भंगारांत दिलें तर कोणी तरी रंग मारून तें दुसऱ्याच्या गाडीस बसवील, अशी वहिनींस धास्ती वाटते. आणि ती रास्त आहे.

ज्या वाचकांपाशीं जुनी गाडी आहे, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. मूळ वस्तु अवश्य शोधावी, जपावी, तीस पूर्वीचें रूप द्यावें. वडिलांच्या वस्तूंचा अभिमान धरण्यांत कमीपणा नाहीं. पण रंग देण्यापूर्वीं खडूची परीक्षा करावी, आणि खडू जें लिहील तें मुकाट्यानें मानावें. चाळीस वर्षें आमच्या हातच्या खडूवर मुलांनीं विश्वास ठेविला. म्हातारपणीं आम्हांसहि तो ठेवावा लागला, यांत अन्याय कांहींच नाहीं.